बिननशेच्या सुताचा दाखला

मोहाडीच्या चंद्रभान हेडाऊंनी चाळीस वर्षं हातमागावर कोसा, म्हणजे रानरेशीम, विणला; त्यांच्या दारात पोलीस कधी आला नव्हता. तो आला भांगेच्या सुतामुळे.

झालं असं, की पुण्यात नोकरीला असलेल्या त्यांच्या मुलीने, करुणाने, एका दुकानाचं काम मिळवून दिलं. भांगेच्या खोडापासून काढलेल्या सुताचे वीस दुपट्टे विणायचे होते. सूत उत्तराखंडातून निघालं. गठ्ठ्यावर त्या झाडाचं पान ठसठशीत छापलेलं. पार्सलवाल्याने पान पाहिलं आणि सरळ ठाण्यात फोन लावला. गठ्ठा जप्त झाला आणि पोलीस चंद्रभानांच्या दारात आला.

"काका, या वयात काहून अशा भानगडीत पडून राहिले?" फौजदाराने खरोखरच्या काळजीने विचारलं.

"साहेब, खोडाचं सूत आहे जी. यात नशा नसते. कायद्यात याले मनाई नाई."

"मंग तसा दाखला आणा अन् गठ्ठा घेऊन जा."

चंद्रभान भंडाऱ्याला गेले. भांगेचे परवाने देणाऱ्या कार्यालयात निकेश नावाचा बाबू होता. त्याने सुताचा तुकडा नाकाशी धरला.

"यात नशा आहे?"

"नाई जी."

"मग आमचा काय संबंध? नशा असती तर अर्ज होता. नशा नाही म्हणून सांगायचा अर्जच निघाला नाही अजून."

"म्हंजे भांगच मागवली असती त बरं झालं असतं?"

"कागदाच्या हिशेबाने, हो," निकेश प्रामाणिकपणे म्हणाला.

अन्न-औषधवाल्यांच्या कार्यालयात गेले, तर तिथल्या बाई म्हणाल्या, भांगेच्या बिया खाण्याचे नियम आहेत, पण सूत कोण खातं? हातमाग कार्यालयाच्या यादीत कापूस, रेशीम, लोकर होती. तिथल्या साहेबांनी 'इतर'वर बोट ठेवलं आणि 'इतर'वरची सही नागपूरची असते म्हणून सांगितलं.

घरी बायको, मंदाबाई, तोंड फिरवून बसलेली. "साऱ्या गल्लीत बोभाटा झाला. कोसा का वाईट होता तुमाले?" शेजारचे गोमाजी मात्र जवळ सरकून कुजबुजले, "सुटलं म्हंजे थोडंसं मले बी ठेवजो."

शेवटी फौजदारानेच कंटाळून नमुना तपासणीला पाठवला. दोन महिन्यांनी उत्तर आलं: नशेचा अंश आढळला नाही. गठ्ठा सुटला.

सूत राठ होतं, ताण्यावर तटातट तुटायचं. चंद्रभानांनी ते ओलं ठेवून, खळ पातळ करून बघितली, तेव्हा कुठे वळणावर आलं. विसावा दुपट्टा उतरला तेव्हा त्यांनी तो गालाला लावून पाहिला आणि कोणी बघत नाही ना म्हणून इकडेतिकडे पाहिलं. चाळीस वर्षांत नवं काही हाताखालून गेलं नव्हतं.

दुकानाला माल आवडला. आता पन्नास हवे होते. चंद्रभान तपासणीचा कागद घेऊन ठाण्यात पोचले.

"हा चालन का जी, पुढच्या गठ्ठ्याले?"

"हा त्याच गठ्ठ्याचा, काका. पुढच्याले पुढचा."

मंदाबाईला वाटलं, आता तरी हा माणूस कोशावर येईल. पण चंद्रभानांनी करुणाला फोन केला. "पन्नास देतो म्हन. फक्त दोन महिने जप्तीचे धरून सांगजो."

दुसरा गठ्ठा येणार त्या दिवशी ते सकाळीच ठाण्यात जाऊन बसले. फौजदाराने खुर्ची दिली, चहा सांगितला, आणि चहा येईस्तोवर दोघांनी मिळून जप्तीचा कागद भरून टाकला.