माशातलं मेण

दुपारी स्टुलावर नारिंगी डाग दिसला, तेव्हा मी शिलाई मशीनलाच शिव्या घातल्या. तेल जास्त झालं की ती गळते. डाग बोटाने पुसला आणि वास घेतला, तर कुजकी मासळी! मागे हात लावून पाहिलं तर पँट चिकट. तेल माझ्यातूनच गळत होतं आणि मला पत्ताही नव्हता.

थोरला भाऊ आतड्याच्या रोगाने गेला होता. आता माझी पाळी, असं समजून मी बायकोला घेऊन दवाखाना गाठला.

"काल काय खाल्लंत?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"मेव्हण्याने आणलेला मासा. लोण्यासारखा होता, दोन ताटं चापली."

"त्यात चरबीऐवजी मेण असतं, काका. पोटाला ते फारसं फोडता येत नाही. जे थोडं फुटतं, त्यातून मेणचट अल्कोहोल निघतं. आतड्याच्या भिंतीत त्याची साधी चरबी होते आणि ती अंगी लागते. उरलेलं मेण तसंच खाली घसरतं."

"अल्कोहोल? म्हणजे मी प्यायलोय?"

"याने नशा होत नाही. दोन दिवसांत गळणं थांबेल. आतडं ठणठणीत आहे."

बाहेर आल्यावर बायको म्हणाली, "सुटलात एकदाचे. पण ती पँट तुम्हीच धुवायची. माझ्या भावाला नावं ठेवायची नाहीत."

मी साबण घासत राहिलो. तेल पाण्यावर तरंगायचं आणि पुन्हा बोटांना चिकटायचं. शेवटी तिथेच मोरीत भडाभडा ओकलो. ओकतानाच एकदम हसू आलं, कारण मी मरणार नव्हतो.