उंचवट्यावरचा ब्रेक

इलारिओ बोनविचीनीने तीस वर्षं शर्यती गाजवल्या होत्या. सदुसष्टाव्या वर्षीही स्टिअरिंग हातात आलं की त्याची पाठ आपोआप ताठ व्हायची. त्याची लेक नोएमी विद्यापीठात बिनचालकाची गाडी बनवत होती, आणि त्या रविवारी इटलीतल्या पार्मा शहराजवळच्या ट्रॅकवर तिने बापालाच आव्हान दिलं.

"पप्पा, एकसारख्या दोन गाड्या. एकीत तू, दुसरीत कुणीच नाही. तीन फेऱ्या सकाळी, तीन दुपारी."

"आणि त्या 'कुणीच नाही'कडून हरलो, तर गावात तोंड कसं दाखवू?"

सकाळी तो हरला नाही. दोन फेऱ्या रिकाम्या गाडीच्या मागे राहिला आणि तिसरीत तिला मागे टाकलं. त्याचा जुना मेकॅनिक गाल्वानो तर नाचायचाच बाकी होता. "जिरवली कॉम्प्युटरची!"

नोएमी हसली खरी, पण लहानपणासारखी नखं कुरतडत स्क्रीनकडे बघत बसली. इलारिओला ते बघवेना.

जेवताना तो गाल्वानोला म्हणाला, "सरळ रस्त्यावर तो उंचवटा आहे ना, तिथे तिची गाडी दर वेळी ब्रेक मारते. मी तिथेच पुढे गेलो."

"मग गप्प बस आणि वाइन पी. दुपारीही जिंकशील."

"अरे, पोर माझी आहे."

तो तोर्तेल्ली पास्त्याची बशी घेऊन लेकीकडे गेला. "उंचवट्यावर गाडी हलकी होते, म्हणून तुझं यंत्र घाबरतं. पण पुढच्या क्षणी ती आपसूक जमिनीवर बसते. तिला म्हणावं, धीर धर."

नोएमीने कपाळावर हात मारला. "दोन महिने आम्ही आकडे चाळतोय!"

"आकड्यांच्या पोटात गोळा येत नाही गं. माझ्या येतो."

दुपारी रिकामी गाडी उंचवट्यावरून ब्रेक न लावता सुसाट गेली. इलारिओने जीव तोडून पाठलाग केला, तरी एका सेकंदाने हरला.

"स्वतःच्या हाताने धोंडा पाडून घेतलास पायावर," गाल्वानो करवादला.

इलारिओला क्षणभर खरंच वाईट वाटलं. हरणं त्याला कधीच पचलं नव्हतं. तेवढ्यात नोएमी धावत आली आणि सगळ्यांदेखत त्याच्या गळ्यात पडली.

"मुद्दाम हळू चालवलीस ना?"

"तुझ्या आईची शपथ, नाही!"

आणि हे खरं आहे याचाच त्याला आनंद झाला. हेल्मेट काखेत मारून तो म्हणाला, "पुढच्या रविवारी दुसरं वळण बघू. तिथे अजून नवशिक्यासारखी वळते ती."

नोएमीने वही उघडली. "थांब, नीट सांग."