शंभर घरांचं अंगडं

मी एक जुना किमोनो आहे, तान्ह्या बाळाचा. मित्रांनो, मला कुणी दुकानातून आणलं नाही. मी दारोदार मागितलेल्या तुकड्यांचा आहे, आणि मला त्याची मुळीच लाज वाटत नाही.

समुद्रकाठच्या आमच्या गावात किनुयो नावाची सून होती. तिची दोन बाळं महिन्याच्या आतच गेली. तिसरी मित्सु. तीही जन्मली मुठीएवढी, रडायचंही बळ नव्हतं. तेव्हा किनुयोची सासू इसोनो टोपली घेऊन निघाली. जिथे मुलं धडधाकट वाढली अशा शंभर घरांतून कापड आणून अंगडं शिवलं, तर त्या मुलांचं बळ बाळाला लाभतं, अशी आमच्याकडची श्रद्धा.

नव्व्याण्णव तुकडे जमले. कुणावर दीर्घायुषी कासवांची नक्षी, कुणावर तागाच्या पानांची. ताग सरळ नि भराभर वाढतो ना! राहिला तो गळ्याशी लावायचा मानाचा जांभळा तुकडा. गावात जांभळं रेशीम होतं एकट्या म्हाताऱ्या तोराकडे, आणि समुद्रातलं खायचं शेवाळ वाळवायच्या जागेवरून तिचं नि इसोनोचं नऊ वर्षं बोलणं नव्हतं.

इसोनो दोनदा तिच्या दारापर्यंत जाऊन परतली. तिसऱ्या वेळी तोरानेच दार उघडलं.

"किती फेऱ्या घालशील गं? उंबरा झिजेल माझा!"

"तोरा, माझं चुकलं..."

"चुकलंच तुझं. माझंही चुकलं. आपण म्हाताऱ्या भांडलो, त्यात त्या पोरीचा काय दोष?"

तोराने स्वतःच्या लग्नातला जांभळा रेशमी कमरपट्टा काढला. कात्री क्षणभर थबकली, मग सरळ चालली.

किनुयोने मला शिवलं. बाळाला मागचं दिसत नाही, म्हणून पाठीवर तिने राखणीचे लाल टाके घातले आणि दोऱ्याचं टोक लोंबतं सोडलं. बाळ पाण्यात पडलं, तर देवाने ते धरून वर ओढावं!

महिनाभराने इसोनोने मित्सुला उचललं, वरून मला पांघरलं आणि देवळात नेलं. ढोल वाजताच मित्सुने असा टाहो फोडला की पुजारीही दचकला.

"घ्या! गळा आजीवर गेलाय," तोरा म्हणाली. किनुयो हसता हसता रडू लागली.

मित्सु जगली. मग मी कितीतरी बाळांच्या अंगावर गेलो. पुढे मात्र कुणी मागायलाच येईना. मी पेटीत पडून राहिलो आणि कसरीने माझा खांदा खाल्ला.

गेल्या वर्षी मित्सुच्या नातीने, रित्सुकोने, मला उचललं. "आजी, ही चिंधी टाकू?"

म्हाताऱ्या मित्सुने मला मांडीवर घेतलं. तिने सुई घेतली. पण दोरा ओवला जाईना. रित्सुको तिच्याजवळ येऊन बसली. मग तिने सुई आपल्या हातात घेतली, स्वतःचा शाळेतला जुना झगा कापला आणि माझ्या खांद्याला ठिगळ लावलं. टाके वाकडेच आले.

मित्रांनो, मला काचेआड ठेवू नका. अधूनमधून सावलीत वारा द्या, उसवलो तर शिवा. आणि कुणाकडे अशक्त बाळ जन्मलं, तर मला खुशाल न्या. ते माझ्यावर दूध ओकलं तरी चालेल.