काचेतलं पाणी

आदेशनं फोनवर मोठ्या हौसेनं सांगितलं, "अण्णा, तुमच्या वेळचं इंजिन आपल्या गावात येतंय!"

दत्ता ड्रायव्हर ओसरीवर मेथी निवडत बसले होते. त्यांना आधी कळेचना. आदेश त्यांचा मुलगा. गावातल्याच, म्हणजे अवसरी खुर्दच्या, इंजिनिअरिंग कॉलेजात शिकला आणि विदर्भातल्या ज्या वीज केंद्रात वडिलांनी नोकरी केली तिथंच लागला. तिथले जुने संच आता बंद झाले होते. शेडच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली कोळशाच्या वॅगन ओढणारं वाफेचं एक छोटं इंजिन पडून होतं. ते भंगारात निघणार म्हटल्यावर आदेशनं आपल्या कॉलेजच्या वर्कशॉपच्या रत्ना मॅडमना पत्र लिहिलं. मुलांना बॉयलर आतून बघता येईल म्हणून त्यांनी खटपट करून ते मागून घेतलं. ट्रेलर निघालाही होता.

"कुठलं इंजिन म्हनला?" दत्तांनी विचारलं.

"चार नंबर. तुम्ही चालवलं असेल ना?"

"चालवलंय," एवढंच ते म्हणाले आणि फोन ठेवला.

आतून पुष्पाबाई आल्या. नवऱ्याचा चेहरा बघून त्यांनी पदराला हात पुसले. "काय झालं हो?"

"चार नंबर येतंय. हितं. गावात."

पुष्पाबाई त्यांच्याशेजारी खाली बसल्या. आदेशला त्यातलं काही ठाऊक नव्हतं, आणि त्याला का सांगितलं नाही हे दोघांनाही ठाऊक होतं.

छत्तीस वर्षांपूर्वीची, आदेशच्या जन्माआधीची गोष्ट. दत्ता तेव्हा बत्तीस वर्षांचे होते आणि चार नंबरचे ड्रायव्हर होते. त्यांचा फायरमन होता यमाजी, बेल्ह्याकडच्या माळावरचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला. इतक्या लांब परक्या मुलखात आपल्याकडचं बोलणारा माणूस भेटला म्हणून दोघांची गट्टी जमली होती. रजेवरून येताना एकानं चटणी आणायची, दुसऱ्यानं हुलगे आणायचे. यमाजी भट्टीत कोळसा टाकायचा, दत्ता गाडी हाकायचे. रेल्वेच्या यार्डातून भरलेल्या वॅगन ओढून कोळसा उतरवायच्या जागी न्यायच्या आणि रिकाम्या परत आणायच्या. दिवसभर तेच काम.

बॉयलरमध्ये पाणी किती आहे हे ड्रायव्हरला एका उभ्या काचेच्या नळीतून दिसतं. नळीत पाणी अर्ध्यावर असलं की बॉयलर ठीक. ते खाली गेलं तर भट्टीचं छत उघडं पडून तापतं. असं झालंच तर छतातला शिशाचा प्लग वितळतो आणि वाफ भट्टीत घुसून आग विझवते. बॉयलर फुटण्यापेक्षा ते बरं. पण त्या वेळी भट्टीचं दार उघडं असलं, तर समोरच्या माणसाचं काही खरं नसतं.

त्या दिवशी दार उघडं होतं. यमाजी फावडं घेऊन दारासमोरच उभा होता.

आवाज झाला, आणि सगळी केबिन वाफेनं अन् राखेनं भरली. दत्तांनी चाचपडत यमाजीला धरून खाली ओढलं. त्याचा उजवा हात, मान आणि अर्धा गाल भाजला होता.

चौकशी साहेबांच्या ऑफिसातच झाली. दत्तांनी सांगितलं, "काचेत अर्धं पानी दिसत व्हतं." साहेब म्हणाले, पाणी अर्धं असेल तर प्लग वितळतच नाही. इंजिनावर चढून बघायची कुणाला गरज वाटली नाही. काच काजळीनं काळी झाली होती, आणि चार नंबरच्या जागी डिझेल इंजिन येणारच होतं. ड्रायव्हरच्या हलगर्जीपणामुळे अपघात, असा शेरा पडला. दत्तांना इंजिनावरून काढून कोळसा वाहणाऱ्या पट्ट्यावर टाकलं. निवृत्त होईपर्यंत ते तिथंच राहिले. बॉयलर कोरडा पाडला म्हणून कॉलनीत त्यांना 'कोरडा ड्रायव्हर' म्हणायचे. तोंडावर नाही, पण ऐकू येईल असं.

ते दवाखान्यात यमाजीला भेटायला गेले, तेव्हा त्यानं भिंतीकडं तोंड फिरवलं. दत्ता परत गेले नाहीत. यमाजी नोकरी सोडून गावी गेला. तेव्हापासून दोघांची गाठ नव्हती.

त्याहून वाईट एक गोष्ट होती. ती त्यांनी फक्त पुष्पाबाईंना सांगितली होती. इतकी माणसं खोटं म्हणतात म्हटल्यावर हळूहळू त्यांना स्वतःलाच शंका यायला लागली. आपण त्या दिवशी काचेकडं खरंच बघितलं होतं का? की आदल्या दिवशीचं आठवतंय? स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास उडाला, तो उडालाच. घरातून निघताना गॅस बंद केलाय का हे ते अजून तीन-तीनदा बघायचे.

चार नंबर आलं. गावातली अर्धी माणसं कॉलेजात जाऊन त्याच्याशेजारी फोटो काढून आली. दत्ता गेले नाहीत. आठवड्यानं रत्ना मॅडमच घरी आल्या. चाळिशीच्या, हाताला ग्रीस लागलेल्या, ओढणी कमरेला खोचलेल्या.

"काका, आदेशनं सांगितलं तुम्ही हे चालवलंय. मला एका बाजूनं बॉयलर कापून मुलांना दाखवायचाय. कुठला नट काय आहे ते सांगायला माणूस नाही. तुम्ही नुसतं बसून सांगा."

दत्ता नाही म्हणणार होते. पण पुष्पाबाई म्हणाल्या, "जाऊन या. मी बी येते."

वर्कशॉपच्या शेडमध्ये इंजिन उभं होतं. दत्तांना वाटलं होतं त्यापेक्षा ते बरंच लहान होतं. पितळेच्या सगळ्या सामानाला कुणीतरी काळा रंग फासला होता, म्हणून ते चोरीला गेलं नव्हतं. पुष्पाबाई खाली थांबल्या. दत्ता पायरी धरून वर चढले.

केबिनमध्ये छत्तीस वर्षांपूर्वीची राख तशीच होती. मॅडमनी एकेका वस्तूचं नाव विचारलं आणि दत्तांनी सांगितलं. मग त्यांचं बोट काचेपाशी आलं. "ही पान्याची काच. पलीकडं दुसरी व्हती, पन तिच्या तोट्या कितीतरी महिनं बंद ठेवलेल्या. सामान मिळत नव्हतं."

मॅडमनी काचेभोवतीची जाळी काढली, फडक्यानं काजळी पुसली आणि टॉर्च धरला. "काका, आत डाग आहे बघा."

नळीच्या आत गंजासारखी तांबूस रेघ होती. खालच्या नटापासून वर, बरोबर अर्ध्यापर्यंत. तिच्या वर काच स्वच्छ होती.

"पाणी इथपर्यंत होतं आणि आतल्या आत सुकलं," मॅडम म्हणाल्या. "पण बॉयलर रिकामा झाल्यावर काचेत पाणी राहायलाच नको. खाली निघून जायला हवं." त्यांनी पाना लावला. खालचा नट जाम होता. तेल सोडून, ठोकून तो शेवटी फिरला. नळी बाहेर आली, तसं त्यांनी वाकून खालच्या नटात बघितलं.

"ही काच बोटाच्या पेराएवढी आखूड कापलीय," त्या म्हणाल्या. "आवळलेली रबराची रिंग तापून हळूहळू काचेखाली सरकली आणि बॉयलरमधून पाणी यायचं भोक बुजलं. बघा, दगडासारखं झालंय." त्यांनी तार घालून दाखवली. तार पुढं जाईना. "बॉयलरचं पाणी कितीही खाली गेलं असतं, तरी यात अर्धंच दिसलं असतं."

दत्ता फायरमनच्या बाकावर बसले. खालून पुष्पाबाईंनी विचारलं, "काय झालं?"

"पुष्पा," ते म्हणाले. परक्यांसमोर त्यांनी बायकोला नावानं कधी हाक मारली नव्हती. "व्हतं गं. अर्धं पानी व्हतं. मला दिसलं व्हतं."

रत्ना मॅडमना मग सगळं सांगावं लागलं. त्यांनी मन लावून ऐकलं. शेवटी जरा बिचकत विचारलं, "काका, एक विचारू? गाडी चालताना काचेतलं पाणी हलतं ना?"

"हलतं. सारखं खालीवर व्हतं."

"त्या दिवशी हलत होतं?"

दत्तांनी डोळे मिटले. आता त्यांना सगळं लख्ख दिसत होतं. "न्हाई," ते म्हणाले. "गप उभं व्हतं. मला ते इचित्र वाटलं व्हतं, पन दोन वॅगन राहिल्या व्हत्या. म्हनलं, तेवढ्या ओढून मग बघू."

हे बोलल्यावर लाज वाटेल असं त्यांना वाटलं होतं. वाटलीही, पण ती धरता येण्यासारखी होती. आपली चूक केवढी होती आणि कुठवर होती, ते पहिल्यांदाच कळलं होतं. त्या रात्री त्यांना इतकी गाढ झोप लागली की सकाळी पुष्पाबाईंनी दोनदा हलवून उठवलं.

चहा पिताना पुष्पाबाई म्हणाल्या, "यमाजीभाऊंना सांगाया पायजे. त्यांचा तर सारा जल्म तुमाला दोष देन्यात गेला."

दोघं निघाले. मंचरवरून आळेफाटा, तिथून बेल्हे, आणि पुढं जीपनं माळावर. दुपार झाली. दोन खोल्यांचं पक्कं घर, मागं मेंढरांचा वाडा. अंगणात एक म्हातारा लोकर कातरायची कात्री घासत होता. मानेवरची कातडी ओढल्यासारखी, उजवा हात तसाच. त्यानं वर बघितलं. कात्री हातातून खाली पडली.

"दत्ताभाऊ?"

"मीच. आत येऊ का?"

यमाजीची बायको गजराबाई पाणी घेऊन आली. पाहुणे कोण ते कळल्यावर तिनं पदर सावरला आणि दाराशीच उभी राहिली. दत्तांनी वाटेत काय काय बोलायचं ठरवलं होतं, पण तोंडून सरळ एवढंच निघालं. चार नंबर गावात आलंय. काच उघडली. काच आखूड होती, भोक बुजलं होतं. "म्हंजे मी झोपलो नव्हतो, यमाजी. तुला भाजायला मी कारन झालो, पन जानूनबुजून न्हाई. एवढंच सांगाया आलो."

यमाजी गजराबाईला म्हणाला, "बस तू बी. आईक."

ती बसली.

"ती काच मी बसवली व्हती," यमाजी म्हणाला.

दत्तांनी हातातलं पाणी खाली ठेवलं.

"आदल्या दिवशी सकाळी काच तडकली. तुमी चहाला गेला व्हता. फिटर म्हनला, दुपारी येतो. तिकडं साहेब वरडत व्हता, वॅगन हालवा म्हनून. मंग मीच पेटीतली लांब काच काढली, कानशीनं रेघ मारून मोडली. जरा आखूड मोडली. म्हनलं, चालंल. तुमाला सांगितलं, फिटरनं बसवली." त्यानं भाजलेला हात मांडीवर ठेवला. "दवाखान्यात पडल्या पडल्या डोक्यात आलं, आपलीच काच आसंल. तुमी आला तवा तुमच्याकडं बघायची लाज वाटली. चौकशीवालं जबाब घ्याया आलं. काच कुनी बसवली आसं त्यांनी इचारलंच न्हाय. आन मीबी सांगितलं न्हाय."

दत्तांच्या अंगात राग चढला. पट्ट्यावरची ती सगळी वर्षं, नाका-तोंडातली कोळशाची धूळ, 'कोरडा ड्रायव्हर'. ते उठून उभे राहिले. पुष्पाबाईही उठल्या, आणि आधी त्याच बोलल्या.

"एक पोस्टकार्ड तरी टाकायचं व्हतं, भाऊ. ह्यांनी काय काय सोसलंय!"

"खरंय वहिनी," यमाजी म्हणाला. त्यानं पुढं सफाई दिली नाही.

गजराबाई नवऱ्याकडं टक लावून बघत होती. "मला बी न्हाय सांगितलं," ती म्हणाली. "झोपेत वरडता, तवा मी देवरूशाकडं जात व्हते." आणि ती पदर तोंडाला लावून रडायला लागली. रडता रडता तिनं त्याच्या त्या हातावर हात ठेवला.

दत्ता तसेच उभे होते. त्यांना तो हात दिसत होता. यमाजीची शिक्षा कुठल्या साहेबानं दिली नव्हती, पण ती त्यांच्याहून कमी नव्हती. शिवाय, गप उभं राहिलेलं पाणी बघूनही दोन वॅगनसाठी गाडी कुणी हाकली होती?

ते पुन्हा खाली बसले. "पानी हलत नव्हतं, यमाजी," ते म्हणाले. "मला दिसत व्हतं. मी थांबलो न्हाई."

यमाजीनं मान वर केली. "काय सांगता?"

"खरं तेच."

"आयला!" यमाजी म्हणाला, आणि त्याच्या तोंडून हसू फुटलं, रडण्यासारखंच. "म्हंजे आपुन दोघंबी!"

"दोघंबी. आन तिसरा तो वरडनारा साहेब."

गजराबाईनं डोळे पुसले आणि चूल पेटवायला गेली. पुष्पाबाई तिच्या मागोमाग आत गेल्या. जेवताना यमाजीनं इंजिनाबद्दल शंभर गोष्टी विचारल्या. रंग कसाय, शिट्टी हाय का, त्या बाई काच जपून ठेवणार का. येत्या गुरुवारी बघायला येतो म्हणाला. कॉलेजच्या मुलांसमोर आपणच सांगणार, काच कुणी आणि कशी मोडली ते.

"कशाला स्वताचं नाव घेता?" गजराबाई म्हणाली.

"त्यांच्यातलं कुनी उद्या आशी काच बसवंल, तर नीट मापून बसवंल," यमाजी म्हणाला.

ऊन कलल्यावर मेंढरांना पाण्यावर न्यायची वेळ झाली. दत्ताही काठी घेऊन निघाले. त्यांना मेंढरं हाकता येत नव्हती. एक उजवीकडं वळवायला गेले की चार डावीकडं पळत होती. यमाजी पुढून ओरडून सांगत होता आणि हसत होता. शेवटची गाडी चुकेल म्हणून सांगायला पुष्पाबाई अंगणात आल्या होत्या. माळावरून नवऱ्याचं हसणं ऐकू आलं, तशा त्या परत आत गेल्या आणि गजराबाईला म्हणाल्या, "आजच्या रातीला दोन भाकरी जास्त टाका."