कप्तानाचा हंडा

तांब्याच्या भांड्याला कल्हई लावण्यापूर्वी ते आतून घासावे लागते. लहान भांडे हाताने घासता येते. पलटणीचे जेवण शिजते तेवढा हंडा असला, की त्यात वाळू टाकून माणसाने अनवाणी उतरायचे आणि गिरक्या घेत, तांबे लाल दिसेपर्यंत टाचांनी रगडायचे. आमच्या रोमा जमातीत हे काम पुरुषाचे. बाई अन्नाच्या भांड्यात उतरली, तर ते भांडे कायमचे बाटले. एक पोर तपेल्यावरून उडी मारून गेली, एवढ्यासाठी माझे यजमान बेगो यांनी ते नवेकोरे तपेले नदीत फेकले होते. त्यांनी योग्यच केले, असे मी तेव्हा म्हटले आणि आजही म्हणते.

युद्धाच्या दुसऱ्या हिवाळ्यात बॉस्नियातल्या आमच्या नदीकाठच्या वस्तीत धडधाकट पुरुष उरला नव्हता. बंदूक आमच्या हाती कोणत्याच सैन्याने दिली नाही. खंदक खणायला मात्र दोन्ही बाजूंच्या सैन्यांना आम्हीच लागत असू. माझ्या मुहारेमलाही नेले होते. घरात मी, सून शेम्सा आणि तिची अंगावर पिणारी मुलगी.

एके सकाळी कप्तान ट्रकमधून हंडा घेऊन आला. हा कप्तान पूर्वी बसचा कंडक्टर होता. जागा रिकाम्या असल्या तरी आम्हाला तो मागे उभे करीत असे.

"म्हातारे, जेवण कळकतंय. अर्धी पलटण ओकतेय. दुपारपर्यंत कल्हई करून दे."

"कल्हईवाला तुम्हीच नेलात. माझा मुलगा आणून द्या, हंडा घेऊन जा."

"का? तुझे पाय काय शोभेचे आहेत?"

"आमच्यात बाई हंड्यात उतरत नाही."

तो पोट धरून हसला. "ऐका रे! जिप्सिणीला विटाळ होतो!" पण मागे त्याची माणसे भुकेने कुरकुरत होती. मुहारेमला आणले. "काम नीट झालं तर इथेच ठेवतो त्याला. आणखी दोन हंडे आहेत," असे सांगून कप्तान गेला.

मुहारेम उंबरठ्यावरच बसला. बूट काढला, तेव्हा शेम्साने डोक्याचा रुमाल तोंडावर धरला. टाचेत तोफगोळ्याचा तुकडा गेला होता आणि पाय घोट्यापर्यंत काळा पडला होता.

"कोणाला दाखवलं नाहीस?"

"ज्याला खणता येत नाही, त्याला सुरुंग पेरलेल्या जमिनीवरून सगळ्यांच्या पुढे चालवतात, आई. वाट मोकळी आहे का ते बघायला."

म्हणजे मुहारेम हंड्यात उभा राहू शकत नाही, हे कप्तानाला कळता कामा नये. शेम्सा हंड्यात उतरायला चोळी सावरत उठली. मी तिला खाली बसवले आणि दोरीवर घोंगडी टाकून आडोसा केला.

"आई, तू नको," मुहारेम म्हणाला. "बाबा असते तर—"

"तुझे बाबा असते तर तेच उतरले असते. भाता ओढ."

"भांडं बाटेल."

"त्यातलं जेवणार कोण? ते! आयुष्यभर त्यांना नुसते शाप देत आले. आज बाटवून तरी बघते."

तो हसला. त्याचे ते शेवटचे हसू.

घागरा कमरेला खोचून मी उतरले. तांबे बर्फासारखे होते. बेगोंना जन्मभर पाहिले होते, त्यामुळे पायांना शिकवावे लागले नाही. तांबे लाल झाल्यावर हंडा निखाऱ्यावर धरला, नवसागर टाकला आणि बसल्या जागेवरून मुहारेमने कथील फिरवले. आत चांदणे पसरल्यासारखे झाले.

मुहारेमने बूट पुन्हा चढवला. दुपारी कप्तानाने हंड्यात तोंड पाहून मिशा नीट केल्या. "शाबास!" त्याच्या आचाऱ्याने आमच्याच अंगणात चूल पेटवून घेवड्याचे कालवण रटरटत ठेवले. मी मनात म्हटले, आता सुटलो. तेवढ्यात कप्तानाने तीन वाडगे भरायला सांगितले.

"आधी तुम्ही. कल्हईत काय कालवलंत, कोणाला ठाऊक?"

मी वाडगा तोंडाला लावून रिकामा केला. शेम्सानेही खाल्ले, तिला दुधासाठी खावेच लागणार होते. मुहारेमने चमचा भरला, ओठांपर्यंत नेला आणि तो तिथेच थांबला. कित्येक दिवसांचा उपाशी माझा मुलगा. त्याच्या डोळ्यांसमोर नदीतून वाहत जाणारे ते तपेले होते, हे मला दिसत होते.

"खा, मुहारेम," मी म्हणाले.

"खातो, आई." पण हात हलेना.

"हा का खात नाही?" कप्तानाने पिस्तूल काढले. "ऊठ!"

मुहारेम उठला आणि टाच टेकताच कोसळला. कप्तानाने बूट ओढून काढला. पायाकडे पाहिले, मग हंड्याकडे.

"या पायानं हंडा घासला?"

"मी घासला," मी म्हणाले. "विष नाही त्यात. मी उतरले होते, म्हणून तो खात नाही. एवढंच आहे."

माझ्या आयुष्यात मी इतके खरे कधी बोलले नव्हते. कप्तानाने माझा वाडगा हुंगला, मुहारेमच्या वाडग्यात बोट बुडवून चाटले आणि आचाऱ्याला वाढायला खूण केली.

"म्हणजे काम तुला येतं," तो म्हणाला. "मग याचं काय करू?"

मी त्याच्या बुटांना हात लावला. तसे मी कोणापुढे केले नव्हते. मुहारेमला दोघा सैनिकांनी काखेत धरून उचलले.

"चल, मित्रा," कप्तान म्हणाला, "आज तुला सगळ्यात पुढची जागा."

मागे उरलेले दोन हंडे मीच घासले, आणि युद्ध संपेपर्यंत येतील तेवढे सारे. माझी कल्हई कधी सुटली नाही. मुहारेमचे हाडूकही हाती आले नाही.

शांतता झाल्यावर वस्तीतले वडीलधारे आले. संकटातले धरायचे नसते, मला पंगतीत घेतो, असे म्हणाले. मी त्यांना कॉफी दिली आणि सांगितले, "ज्या नियमासाठी माझा मुलगा तोंडचा घास गिळू शकला नाही, तो तुम्ही माझ्यासाठी सैल करणार? माझी ताटली वेगळीच राहील."

ती अजून वेगळी आहे. शेम्सा रोज माझ्या त्या ताटलीतलीच भाकरी मोडून खाते. मी रागावते, ती ऐकत नाही.