नाकाचा पुरावा

गाडी शिकवणाऱ्या मास्तरांचं नाक भलतंच मोठं होतं, आणि त्यांच्या आठ महिन्यांच्या लेकीचंही. मास्तरांना एवढा पुरावा पुरेसा वाटे. मुलीच्या आईशी त्यांचं लग्न झालेलं नव्हतं. बाळ जन्मायच्या आधीच दोघांचं फाटलं. ती औषधांच्या दुकानात काम करून लेकीला एकटी सांभाळायची.

"रविवारी येतोस, खुळखुळा वाजवतोस, जातोस. कायद्याने बाप हो की!" ती म्हणायची.

"अगं, नाक बघ ना! आणखी काय सिद्ध करायचं?"

खरं म्हणजे मित्रांनी कान फुंकले होते: एकदा कबूल केलंस की कायमचा अडकलास!

एका दुपारी फोन आला. मुलगी तापाने फणफणली होती, इस्पितळात होती. मास्तर शिकाऊ बाईंना भर चौकात गाडीसकट सोडून धावत सुटले!

दारातच नर्सबाई आडव्या आल्या. "मुलीचे कोण तुम्ही?"

"बाप! हवं तर नाक बघा."

नर्सबाईंनी चष्मा सावरून नाक निरखलं. "छान आहे. पण वडील म्हणून कुणाचीच नोंद नाही. बाहेर बसा."

आतून लेकीचं रडणं ऐकू येत होतं. मास्तरांनी थोरल्या बहिणीला बोलावलं. ती वकील होती.

"ताई, माझा काही हक्क आहे की नाही?"

"आहे ना! आधी बाप तूच आहेस याची डीएनए तपासणी करून घे, कोर्टापुढे बाप म्हणून उभा राहा. मग भेटीचा हक्क माग. पण खर्चही उचलायचा आणि दुखणंखुपणंही बघायचं. मूल तुझ्या घरी राहत नाही म्हणून सुटका नाही."

"म्हणजे अडकलोच की गं!"

"आणि पोरीची आई आठ महिने मोकळी हिंडतेय होय रे?"

तेवढ्यात मुलीची आई बाहेर आली. केस विस्कटलेले, डोळे लाल. "उतरला ताप," एवढंच म्हणाली आणि मटकन बाकावर बसली.

"चुकलो गं!" मास्तर म्हणाले. "उद्याच कोर्टात जाऊ. मी बाप आहे, आणि ते नुसतं तोंडाने सांगणार नाही!"

यथावकाश नोंद झाली. मुलगी आईकडेच राहिली. मास्तरांना भेटीचे दिवस मिळाले, खर्चाचा वाटाही आला. लस टोचायला ते स्वतः घेऊन गेले. लेकीने टाहो फोडला आणि त्यांच्या नव्या सदऱ्यावर दूध ओकली. मित्र हसले, तसे मास्तर तोऱ्यात म्हणाले, "हसा लेको! आज नर्सबाईंनी मला आत बोलावलं, नाव घेऊन!"

मंडळी, मूल कुणाच्याही घरात वाढो, आई आणि बाप दोघांवर त्याचा हक्क असतो. तो त्याने मागायच्या आधीच आपण कबूल करायला हवा!