पंगतीतलं वेगळं पान

"सेकाम्वा? हे सेकाम्वा यादीत कुठून आले?" स्वयंपाकी अलोयिझी कियागाने कागद खिडकीच्या उजेडात धरला.

"आत्ता अकराला आले," ओदुर म्हणाला. "लुकवागोंना काढलं, यांना घातलं. राजाच्या पक्षाचा मंत्री कोण, ते ठरता ठरत नव्हतं. तुला काय त्याचं? नऊ होते, नऊच आहेत."

"लुकवागोंना मेंढी चालत होती, साहेब. यांना चालायची नाही. हे मेंढीचे आहेत."

"मेंढीचे म्हणजे? मेंढ्या राखतात?"

"मेंढी त्यांच्या कुळाचं देवक आहे. नावावरून कळतं. त्या कुळातला माणूस जन्मात मेंढीला तोंड लावत नाही."

"मंत्री झालाय ना आता? लावेल."

ओदुर उत्तरेकडचा, लांगो मुलखातला. वय तिशीच्या आत. एंटेबेच्या सरकारी अतिथिगृहात व्यवस्थापक म्हणून येऊन त्याला दोन महिनेसुद्धा झाले नव्हते. त्याच्या खिशात आणखी एक यादी असायची: इंग्रजांच्या वेळच्या नोकरांपैकी कोणाला ठेवायचं आणि कोणाला घरी पाठवायचं याची. ती कोणी पाहिली नव्हती. पण भटारखान्यातली अकराही माणसं त्या खिशाकडे बघूनच त्याच्याशी बोलत.

स्वातंत्र्याला सतरा दिवस झाले होते. उत्तरेकडच्यांचा पक्ष आणि बुगांडाच्या राजाचा पक्ष यांनी मिळून सरकार केलं होतं. दोघांचं एकमेकांशी एका बाबतीत एकमत होतं: कॅथलिकांच्या पक्षाला बाहेर बसवायचं. बाकी सगळ्या बाबतींत भांडण होतं. आज दुपारी एक वाजता दोन्ही पक्षांचे नऊ मंत्री पहिल्यांदाच एकत्र जेवणार होते. पंतप्रधान येणार नव्हते; यजमान होते उत्तरेकडच्यांच्या पक्षाचे, तेसो मुलखातले मंत्री ओकिरोर. त्यांच्या मतदारांनी दोन एडके पाठवले होते आणि त्यांचंच मटण पानात पडलं पाहिजे असा त्यांचा आग्रह होता.

मटण सकाळी सातपासून वाफेवर होतं. शेंगदाण्याच्या रश्शात घोळलेले तुकडे, धुरावर मऊ केलेलं केळीचं पान, वरून केळीच्या सोपटाच्या दोरीची गाठ. प्रत्येक माणसाची पुडी वेगळी. चार तास लागतात. घाई केली की मांस पानाला चिकटतं. घड्याळात साडेअकरा झाले होते. आत्ता कोंबडी आणून बांधली असती तरी ती साडेतीनशिवाय शिजली नसती.

"एक उपाय आहे," अलोयिझी म्हणाला. "मेहतासाहेबांसाठी अळंबीची पुडी बांधली होती. ते मांस खात नाहीत. तुम्ही त्यांचं नाव काढलंत."

"मंत्री सोडून कोणी नको म्हणून काढलं."

"ती पुडी मोकळी आहे. सेकाम्वासाहेबांना ती देतो."

"ऐक." ओदुरने बोट वर केलं. "खुर्च्या कशा लावायच्या यावर आज सकाळी माझा पाऊण तास गेलाय. राजाचे तिघे एका बाजूला बसवले तर म्हणतात वाळीत टाकलं. विखरून बसवले तर म्हणतात फोडलं. सगळ्यांना सारखं वाढायचं. एकाला वेगळं वाढलंस की बोभाटा होईल आणि तो माझ्या अंगावर येईल. कळलं?"

"कळलं, साहेब."

ओदुर गेल्यावर पेरेपेतुवाने हातातली केळी टोपलीत आपटली. ती अलोयिझीच्या हाताखाली चौदा वर्षं होती. त्याच्याच कॅथलिक चर्चला जायची आणि त्याच्याशी एकही शब्द गोड बोलायची नाही.

"मेंढीच वाढ," ती म्हणाली. "त्याचं तो बघेल. आपल्या माणसांना लाथ मारून बसलेत ते खुर्च्यांवर. आणि तू त्यांचं देवक सांभाळ!"

"देवक त्याचं एकट्याचं नाही. त्याच्या बापाचं, आजाचं आहे."

"मग त्याच्या आजाला बोलाव जेवायला."

"पेरेपेतुवा, रश्शातला तुकडा डोळ्यांना कळत नाही. त्याने न कळता घास घेतला, तर ते पाप त्याचं नाही. वाढणाऱ्याचं."

"अन् तो विचारील तेव्हा काय सांगशील? चाखली तरी आहेस का तू ती अळंबी?"

ती हसली, पण बरं हसली नाही. अळंबी हेच अलोयिझीच्या कुळाचं देवक होतं. बावीस वर्षं त्याने गोऱ्या साहेबांसाठी अळंबी निवडली, धुतली, वासावरून शिजवली. जिभेवर एकदाही ठेवली नाही. मीठ पेरेपेतुवा सांगायची. फादर म्हणायचे, या रानटी समजुती सोड. तो मान डोलवायचा आणि सोडायचा नाही.

बारा वाजून पन्नास मिनिटांनी त्याने अळंबीच्या पुडीला दुहेरी गाठ मारली, म्हणजे वाढताना चुकायला नको. ती त्याने कोणाच्या हाती दिली नाही. स्वतः घेऊन गेला.

मेजावरचं बोलणं हात धुण्यापासूनच तिखट होतं.

"घ्या, घ्या," ओकिरोर म्हणाले. "तेसोचे एडके आहेत. तुमच्या राजाने अजून एक अंडंसुद्धा पाठवलं नाही."

"राजा पाठवत नसतो," राजाच्या पक्षाचा एक मंत्री म्हणाला. "राजाला पाठवायचं असतं."

"आम्ही पाठवलं की. मतं पाठवली. त्याच्यावरच तर बसलात."

कोणी हसलं, कोणी हसलं नाही. पुड्या उघडल्या, वाफ वर आली. येरेमिया सेकाम्वांनी आपलं पान उलगडलं आणि हात तसाच धरला. उंच, बारीक माणूस. प्रॉटेस्टंट शाळेचे माजी मुख्याध्यापक. त्यांनी डावीकडच्या पानात पाहिलं, उजवीकडच्या पानात पाहिलं.

"हे काय आहे?"

"अळंबी, सेबो," अलोयिझी म्हणाला. साहेब लोकांना तो असंच म्हणायचा. "आपलं देवक मेंढी. म्हणून मी..."

"माझं देवक तुला कोणी सांगितलं?"

"नावावरून कळलं, सेबो."

"माझं नाव यादीत आज अकराला आलं. आणि एवढ्यात तुझी अळंबीची पुडी शिजूनसुद्धा तयार?"

"ती दुसऱ्या साहेबांसाठी होती. ते आले नाहीत."

"कोण दुसरे साहेब? इथे तर नऊ माणसं आणि नऊ खुर्च्या आहेत." सेकाम्वांचा आवाज चढला नाही. वर्गात मागच्या बाकावरच्या पोराला उठवावं तसे ते बोलत होते. "कुठल्या चर्चला जातोस?"

अलोयिझीने उत्तर द्यायला क्षणभर वेळ लावला. तेवढा पुरला.

"कॅथलिक," सेकाम्वा मेजाकडे वळून म्हणाले. "नऊ जणांत एकालाच वेगळी पुडी. तीही अळंबीची. आणि बांधणारा कॅथलिक."

"अहो, जेवा की," ओकिरोर वैतागले. "माझ्या घरचं जेवण असल्यासारखं मी बोलावलं, आणि तुम्ही विष शोधताय?"

"तुमच्याच घरचं आहे, म्हणून शोधतोय."

आता कोणीच खात नव्हतं. ओदुर दाराशी उभा होता. त्याचा हात खिशावर होता.

"चाख," सेकाम्वा म्हणाले.

"सेबो, मी अळंबीचा आहे. माझं देवकच ते. मला चालत नाही."

उत्तरेकडच्या बाजूला हशा पिकला. "यांच्यात मेंढी चालत नाही, अळंबी चालत नाही," एक जण म्हणाला. "खाती मात्र सगळी चालतात."

सेकाम्वांचे कान तापले. हसू स्वयंपाक्यावर नव्हतं, त्यांच्यावर होतं. "बरं सापडलं तुला देवक! ओदुर, पोलिसांना बोलवा. हा आणि भटारखान्यातले सगळे. एकेकाला विचारू दे त्यांना."

दाराच्या फटीतून अलोयिझीला पेरेपेतुवाचा चेहरा दिसला. तिच्या मागे बाकीचे उभे होते. अकरा घरं त्या भटारखान्यावर जगत होती, आणि त्यातली सात त्याच्याच चर्चची होती.

त्याने हात धुतले. सेकाम्वांच्या खुर्चीपाशी गुडघे टेकले आणि पानातला एक घास उचलून तोंडात घातला.

चव त्याला ठाऊक नव्हती. मातीसारखी असेल असं त्याला नेहमी वाटायचं. ती मांसाच्या जवळची निघाली. मीठ बरोबर होतं.

"आणखी," सेकाम्वा म्हणाले.

त्याने आणखी खाल्लं. तळाचा रस्सा बोटाने पुसून घेतला. पान रिकामं झाल्यावर त्याची चौघडी घालून मेजावर ठेवली. कोणी घड्याळाकडे पाहत होतं, कोणी त्याच्या तोंडाकडे. पाच मिनिटं गेली. त्याला काही झालं नाही.

"पाहिलंत?" सेकाम्वा म्हणाले, आणि आता ते खरोखरच शांत झाले होते. "विष नव्हतं. पण देवकही नव्हतं. आमच्यातला खरा माणूस मेला असता, पण घास घेतला नसता. खोटं बोलणारी माणसं मला नकोत इथे."

"मी खोटं..." अलोयिझी म्हणाला.

ओकिरोरांनी मटणाने माखलेली बोटं चाटली. "एका स्वयंपाक्यावरून सरकार मोडायचं नाही मला. राजाच्या पक्षाला तो नको असेल तर नको. ओदुर, बघा ते."

दोन्ही पक्षांचं हे दुसरं एकमत. सेकाम्वांनी नुसते मटोके, म्हणजे उकडून कुस्करलेली केळी, खाल्ले, रश्शाशिवाय.

भटारखान्यात ओदुरने यादी काढली आणि भिंतीला टेकवून एका नावावर रेघ मारली. "सारखं वाढ म्हणालो होतो," तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. पेरेपेतुवाने ॲप्रन मागायला हात पुढे केला, तेव्हा अलोयिझीच्या लक्षात आलं की तो अजून त्याने सोडलेला नाही.

"मेंढी वाढली असतीस तर?" ती म्हणाली.

"तर त्याचं गेलं असतं."

"अन् आता?"

त्याने गाठ सोडून ॲप्रन तिच्या हातावर ठेवला.

पुढच्या शनिवारी मसाकाच्या रस्त्यावर, त्याच्या वारलेल्या चुलत्याच्या वाडीत, सुतकाचा शेवटचा विधी होता. कुळातले साठ-सत्तर पुरुष आले होते. एंटेबेची बातमी तिथे पोचली नव्हती. मंत्र्यांची भांडणं वर्तमानपत्रात येत, स्वयंपाक्यांची येत नाहीत. वारस बसवण्याआधी रीतीप्रमाणे सगळे रांगेत उभे राहिले आणि प्रत्येक जण पुढे होऊन मोठ्याने सांगू लागला: मी अमुक, अमक्याचा मुलगा, अमक्याचा नातू, आणि शेवटी कुळाचं देवक, अळंबी. देवकाचं नाव आलं की सगळे एकदम हुंकार देत.

अलोयिझीची पाळी आली. तो एक पाऊल पुढे झाला.

"मी कियागा," तो म्हणाला. "मुवांगांचा मुलगा. काटेंडेंचा नातू."

आता देवकाचं नाव येईल म्हणून सगळे हुंकार द्यायला थांबले होते. म्हाताऱ्या कुळप्रमुखाने त्याला ऐकू आलं नसेल असं समजून कानामागे हात धरला. अलोयिझी एक पाऊल मागे येऊन आपल्या जागेवर उभा राहिला. रांगेतल्या पुढच्या माणसाने घसा खाकरला आणि स्वतःचं नाव सांगायला सुरुवात केली.